लिबोरिओचं न पिकणारं अंजीर

माझ्या बहिणीचा नवरा लिबोरिओ शोर्तिनो कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. तिथं तो काम कसं करायचा ते मला ठाऊक नाही. रोज धडधाकट घरी यायचा, त्या अर्थी जमत असावं. घरी आल्यावर काय करायचा ते मात्र मी त्याच घराच्या वरच्या मजल्यावरून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. परसाच्या दारात खुर्ची ओढायची, पाय पसरायचे आणि एखादा जमीनदार शिवाराकडे बघतो तसं अंजिराच्या झाडाकडे बघत बसायचं. शिवार म्हणजे काय, तर एक झाड. आणि त्या एका झाडावर पिकलेलं फळ अजून कुणाच्या दृष्टीस पडलेलं नव्हतं.

झाड आमच्या गावचं, काल्तामाराचं. सिसिली सोडताना लिबोरिओनं त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून कोटाच्या अस्तरात दडवून आणली. ही गोष्ट खरी आहे, कारण ते अस्तर उसवून पुन्हा शिवलं माझ्या बहिणीनं, फीनानं. पण गावकऱ्यांच्या क्लबात ही कथा सांगताना लिबोरिओच्या तोंडी फीनाचं नाव कधी आलं नाही. काडी तेवढी दर वर्षी वीतभर लांब होत गेली. शेवटी शेवटी तर ऐकणाऱ्याला वाटावं, या बाबानं अख्खं झाड खांद्यावर टाकून समुद्र ओलांडला आणि बंदरावरचे शिपाई त्याला सलाम ठोकत होते.

घर घेतलं तेव्हा काडी कुठं लावायची यावरून बोलणं झालं. स्वयंपाकघराची विटांची भिंत दक्षिणेकडे होती. दुपारभर ऊन खायची आणि दिवे लागेपर्यंत ऊब धरून राहायची.

"इथं भिंतीशी लाव," फीना म्हणाली. "आईनंही भिंतीशीच लावलं होतं."

"तुझी आई कॅनडात होती का?"

"नव्हती, म्हणून तर म्हणते. तिथं एवढं ऊन असून तिनं भिंत सोडली नाही."

"फीना, तू तुझ्या टोमॅटोच्या सॉसचं बघ. झाड हे पुरुषाचं काम आहे."

आणि झाड लागलं परसाच्या मधोमध. का, तर मागच्या बोळातून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलं पाहिजे. दिसायचं खरं. शहरालगतच्या सरोवरावरून येणारा वारा त्याला चारी बाजूंनी झोडपायचा तेही दिसायचं.

आता हे पुरुषाचं काम कसं चालायचं ते सांगते. आमच्याकडच्या थंडीत अंजीर उघडं राहिलं तर मुळापर्यंत जळतं. म्हणून नोव्हेंबरात त्याची एका बाजूची मुळं तोडायची, दुसऱ्या बाजूला माणूस मावेल एवढा चर खणायचा, फांद्या दोरीनं आवळायच्या आणि झाड हळूहळू त्या चरात निजवायचं. वर फळ्या, जुने गालिचे, पाला, माती. वसंतात उकरून पुन्हा उभं करायचं. लिबोरिओची पाठ नेमकी नोव्हेंबरात धरायची. मुळं तोडायची फीना, चर खणायची फीना, दोरी ओढायचे मी, आणि हा खुर्चीतून ओरडायचा, "अगं हळू! बैल ओढतेयस का! ती फांदी सांभाळ!" मग संध्याकाळी क्लबात जाऊन सांगायचा, "आज झाड पुरलं. कंबरेचा काटा ढिला झाला."

स्वतःच्या हातानं तो एकच गोष्ट करायचा. गावाबाहेरच्या तबेल्यातून घोड्याची लीद आणून झाडाच्या बुडाशी ओतायचा. एकदा नाही, उन्हाळाभर. वर नळी लावून पाणी.

"एवढं घालू नकोस रे," फीना म्हणायची. "माजलेलं झाड फळाच्या नादी लागत नाही. आणि शेंडे खुड त्याचे, वाढतच सुटलंय."

"शेंडे खुडू? माझ्या झाडाचे?" जणू तिनं त्याचे कान कापायला सांगितले होते.

त्यामुळे व्हायचं काय, की पानं ताटाएवढी, फांद्या वखारीला विकाव्यात अशा, आणि फळं सप्टेंबर सरला तरी गोट्यांसारखी हिरवी टणक. मग एका सकाळी थंडीचा तडाखा यायचा, पानं काळी पडायची आणि गोट्या टपाटप खाली. लिबोरिओकडे कारणं तयार असायची. कॅनडाच्या उन्हात दम नाही. कारखान्याचा धूर लागतो, ज्या कारखान्याचं तो खात होता त्याचाच. एकदा तर शेजारच्या मिसेस ऑगिल्व्हीनं दृष्ट लावली म्हणाला. त्या बिचाऱ्या स्कॉटिश बाईला अंजीर आणि कांदा यांतला फरक सांगता आला नसता.

आमच्या काल्तामाराच्या लोकांचा क्लब म्हणजे एका दुकानाखालचं तळघर. चार टेबलं, पत्ते, कॉफीचं यंत्र आणि गावच्या संताची तसबीर. सप्टेंबरात पुरुष मंडळी आपापल्या परसातली अंजिरं तिथं आणायची. कुणाची मूठभर, कुणाची टोपलीभर. लिबोरिओ रिकाम्या हातानं जायचा आणि इतरांची अंजिरं खात खात ती कशी पिकवावीत हे त्यांनाच सांगायचा. क्लबाचा अध्यक्ष होता जेर्लांदो न्हावी. जीभ वस्तऱ्यासारखी. तो म्हणायचा, "काय कुम्पारी, यंदा लोणचं घालणार की पोरांना खेळायला देणार?" कुम्पारी म्हणजे दोस्त, पण जेर्लांदोच्या तोंडून तो शब्द निघाला की समोरच्यानं सावध व्हावं.

एका ऑगस्टात जेर्लांदो जरा जास्तच बोलला. म्हणाला, "तुझं झाड सावलीला बरं आहे, लिबोरिओ. त्याखाली बसून माझी अंजिरं खाऊ."

सगळे हसले. आणि लिबोरिओ ताडकन उठून म्हणाला, "येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की सगळे माझ्या घरी या. फादरना घेऊन या. झाडावरून तोडून खायला घालतो."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा फीना भांडी घासत होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "काय खायला घालणार आहेस? पानं?"

"तू बघच."

आम्ही बघितलं. शनिवारी तो घाऊक बाजारातून अंजिरांची पेटी घेऊन आला. काळीशार, टपोरी, कॅलिफोर्नियाची. ती फुटू नयेत म्हणून त्यानं फ्रीजमधलं दूध, चीज, सगळं बाहेर काढून पेटी आत ठेवली. रविवारी लोक मिस्साला गेले आणि हा शिडी लावून झाडावर. बारीक तारेनं एकेक अंजीर फांदीला बांधत होता. मी आणि फीना स्वयंपाकघराच्या खिडकीत.

"काय करतोयस रे?" फीनानं विचारलं.

"फांद्यांना आधार देतोय. तू कॉफीचं बघ."

"आधार फांद्यांना देतोयस की नाकाला?" मी म्हणाले. त्यानं मला शिडीवरूनच एक शिवी हासडली. इथं सांगण्यासारखी नाही.

त्याच्या हुशारीत एक गोष्ट मात्र मानायला हवी. त्याचं झाड काळ्या अंजिराचं की पांढऱ्या, हे क्लबातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पिकलेलं फळ कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा रंगानं तो पकडला जाण्याचा धोका नव्हता.

मंडळी आली. फादर एत्तोरे पुढे, मागे जेर्लांदो आणि क्लबातले आठ-दहा जण, सगळे रविवारच्या कोटात घामाघूम. उकाडा इतका की मिसेस ऑगिल्व्हीचं कुत्रं जीभ काढून सावलीत पडलं होतं. सगळे झाडाभोवती गोळा झाले. लिबोरिओनं एक अंजीर असं फिरवून तोडलं की तार फांदीवरच राहावी, आणि फादरच्या हातावर ठेवलं. फादरनं आशीर्वाद पुटपुटला, चावा घेतला आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं, गोडीनं मिटले. त्यांनी गालावर हात दाबला.

"फादर, काय झालं?"

"दाढ," फादर म्हणाले. "बर्फासारखं गार आहे रे हे!"

जेर्लांदोनं पुढे होऊन दुसरं अंजीर चिमटीत धरलं. दाबलं. कपाळाला लावलं. मग मागं वळून सगळ्यांना म्हणाला, "मंडळी, टोप्या काढा. ही देवाची करणी आहे. एवढ्या उन्हात झाडावर फळ गारठलंय." तेवढ्यात कुणाच्या तरी बोटाला तार लागली.

हसणं आधी बोळात ऐकू आलं, मग रस्त्यावर. पण लिबोरिओला लागलं ते त्या लोकांचं हसणं नव्हे. खिडकीत उभी असलेली फीना हसत होती. ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण त्याच्यावर ती अशी कधी हसलेली त्यानं पाहिली नव्हती.

मंडळी गेल्यावर तो आत आला. "तूच फ्रीज थंडगार करून ठेवलास."

"फ्रीज थंडच असतो, लिबोरिओ."

"यापुढे झाडाला हात लावायचा नाही. दोघींनीही. मी एकटा पुरीन."

नोव्हेंबर आला. पाठ धरायचा महिना, पण बोलून बसला होता. सवयीप्रमाणे त्यानं कष्ट वाचवायचा उपाय शोधला. चर गुडघाभरसुद्धा खणला नाही. मुळं तोडायची असतात हे त्याच्या गावीही नव्हतं, कारण ते काम चालायचं तेव्हा हा खुर्चीत असायचा. त्यानं खोडाला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक गाडीच्या मागे अडकवलं आणि गाडी बोळात दामटली. झाड जरा वाकलं, थरथरलं, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर काडकन मोडलं. गाडी तशीच पुढे जाऊन समोरच्या कुंपणात घुसली. लिबोरिओ उतरला. मोडक्या खोडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "या देशाची मातीच शापित आहे." मग घरात जाऊन झोपला.

त्यानंतर दोन उन्हाळे तो परसाकडे फिरकला नाही. खुर्ची उचलून पुढच्या अंगणात नेली. क्लबात जाईना, झाडाचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. एका झाडानं दगा दिला म्हणून भट्टीवर काम करणारा बाप्या नवऱ्यामुलासारखा रुसून बसलेला मी तेव्हाच पाहिला. पण खरं सांगायचं तर त्याचं हे रुसणं म्हणजे त्या घराला मिळालेलं वरदान होतं.

झाड मोडलं त्याच दिवशी फीनानं बुंध्यावर पाला रचला, माती लोटली आणि वर तिच्या हुंड्यातली जुनी गोधडी टाकली. मी म्हणाले, "मेलेल्याला पांघरूण कशाला?"

"वरून मेलंय," ती म्हणाली. "खाली काय आहे ते विचारू की."

वसंतात गोधडी काढली तर बुडाशी कोंबांचं रान माजलं होतं. फीनानं बाकीचे सगळे खुडले आणि फक्त तीन ठेवले. लीद नाही, काही नाही. पाणी माती भेगाळली तरच. पहिल्या वर्षी फळ आलं नाही. थंडीआधी त्यातला मुळं धरलेला एक जोमदार कोंब तिनं मातीसकट उचलला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीशी लावला. तो आणि ते मधले कोंब, सगळे बोटासारखे लवचिक. आम्ही दोघींनी सकाळच्या कॉफीच्या आधी सगळं पुरून टाकलं.

"इतकी वर्षं हे का नाही केलंस?" मी विचारलं.

"इतकी वर्षं तो बघत होता," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी मधल्या कोंबांनी जूनमध्ये पाच-सहा पानं धरली, तशी फीनानं नखानं एकेक शेंडा खुडला. वाढ थांबली आणि पानांच्या बेचक्यांत फळं बसली. ऑगस्टात तिनं चिमुकली, उशिरा आलेली फळं काढून टाकली. मला हळहळ वाटली. ती म्हणाली, "सगळ्यांना जेवायला बसवलं की सगळे उपाशी उठतात." मग फळं फुगायची थांबली आणि त्यांच्या बुडाचं बारीक छिद्र, म्हणजे डोळा, जरासा लालसर झाला, तेव्हा ती एक वाटी आणि कोंबडीचं पीस घेऊन बाहेर आली. वाटीत ऑलिव्हचं तेल. प्रत्येक अंजिराच्या डोळ्याला पिसानं तेलाचा एकच ठिपका, फळ लवकर पिकावं म्हणून. काल्तामाराला आमची आई हे करायची. मी तेव्हा झाडाखाली खेळत होते, फीना बघत होती. दोघींत फरक एवढाच.

आठवडाभरात पहिलं अंजीर मान टाकून लोंबायला लागलं. बाहेरून हिरवट पांढरं, सालीला बारीक भेगा, आणि डोळ्याशी मधाचा थेंब. फीनानं ते तोडलं, दोन भाग केले आणि अर्धं मला दिलं. आम्ही उभ्यानंच खाल्लं. मी बोटं चाटत राहिले. फीना हात पुसत म्हणाली, "हेच आहे. हीच चव." आणि वाटी उचलून उरलेल्या फळांकडे गेली.

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण लिबोरिओ जिवंत होता. संध्याकाळी टेबलावर भरलेलं भांडं बघून त्यानं विचारलं, "कुठून आणलीस?"

"परसातून."

त्यानं एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं खाता खाता उठला, कोट घातला, भांडं उचललं आणि दोन वर्षांनी क्लबात गेला. तिथं काय झालं ते मला जेर्लांदोच्या बायकोकडून कळलं. यानं भांडं टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "झाड गाडीनं मोडलं ते मुद्दाम. नवा जोम यावा म्हणून. माझी पद्धत आहे ती."

जेर्लांदोनं एक अंजीर उलटंपालटं करून पाहिलं. "कुम्पारी, त्या वर्षी तुझी अंजिरं काळी होती."

"झाड मोडलं की रंग बदलतो," लिबोरिओ म्हणाला. पापणीसुद्धा हलली नाही.

पण अंजीर पिकलेलं होतं, तोंडात होतं आणि गार नव्हतं. लोकांना आणखी काय हवं असतं? दोन दिवसांत लिबोरिओ शोर्तिनो अंजिरांतला जाणकार झाला. पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि सल्ला मागायला येणाऱ्यांना सांगायचा, "लीद घाला. भरपूर लीद. आणि धीर धरा." मी वरच्या खिडकीतून ऐकायचे आणि दात खायचे.

"तू बोलत का नाहीस?" मी फीनाला म्हणाले. "सगळं तू केलंस, आणि मिशांवर ताव हा मारतोय!"

"मारू दे. मला उद्या पावटे सोलायचेत."

पण फीना अगदीच गप्प बसली नाही. लिबोरिओचं ऐकून तूरी नावाचा एक साधा गवंडी लीद आणायला निघाला, तेव्हा तिनं त्याला बोळातून हाक मारली. "त्यानं सांगितलं ते ऐकलंस ना? आता त्यातलं काहीच करू नकोस. इकडे ये." आणि खुडणं, विरळणी, तेलाचा ठिपका, सगळं दाखवलं. पुढच्या वर्षी तूरीची अंजिरं पिकली. त्यानं आणखी कुणाला सांगितलं. होता होता लोक लिबोरिओची कारखान्यातली पाळी बघायला लागले. तो भट्टीवर असला की मागच्या बोळातून आत. जे पुढून यायचे तेही त्याच्यासमोर दोन मिनिटं मान डोलवायचे आणि घराला वळसा घालून मागे जायचे.

एका शरदातल्या दुपारी पुढच्या अंगणात कुणीच आलं नाही. लिबोरिओ वाट बघून कंटाळला. मागून बोलणं ऐकू आलं तसा उठला आणि बाजूच्या वाटेनं परसात गेला. तिथं क्लबातले पाच-सहा जण उभे होते. जेर्लांदोसुद्धा, टोपी हातात घेऊन. आणि फीना मुळं कुठं तोडायची ते टाचेनं मातीवर रेघ ओढून दाखवत होती. मला वाटलं, आता तरी याच्या तोंडाला कुलूप लागेल.

लिबोरिओनं सगळ्यांवरून नजर फिरवली, छाती पुढे काढली आणि म्हणाला, "बरोबर सांगतेय ती. मीच शिकवलंय तिला."

कुणी हसलं नाही. हसून तरी काय होणार होतं? फीनानं भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "मग या लोकांना नीट दाखव. चर इथून तिथपर्यंत. कमरेएवढा खोल."

"माझी पाठ..."

"लोक थांबलेत, लिबोरिओ."

त्यानं कोट काढला. काढावाच लागला, जेर्लांदो वस्तऱ्यासारखा बघत होता. आणि त्या बाबानं खणलं. पोलाद वितळवणारा माणूस, पण फावडं धरायचं कसं हे कुणी त्याला शिकवलेलं नव्हतं. माती स्वतःच्याच पायांवर टाकत होता. तासाभरानं सगळे निघून गेले तरी फीना कडेला उभी राहिली आणि कमरेएवढा खोल झाल्याशिवाय तिनं त्याला वर येऊ दिलं नाही.

त्या वर्षापासून चर तोच खणायचा. सुधारला असं मी म्हणणार नाही. क्लबात फुशारक्या चालूच होत्या, लीदही सांगायचा, आणि काडी बोटीतून आणल्याची कथा शेवटच्या आजारपणातही डॉक्टरला ऐकवली. पण दर नोव्हेंबरात फीनानं फावडं दिलं की घ्यायचा, बडबडत खाली उतरायचा आणि ती बास म्हणेपर्यंत खणायचा. फीना हल्ली गुडघ्यांमुळे वाकत नाही. तूरीची मुलं येऊन झाड पुरून जातात. ती म्हणते, लिबोरिओपेक्षा बरी खणतात. त्यात विशेष काही नाही. त्याचा चर शेवटपर्यंत वाकडाच होता.